डाग्नीच्या मागे सात गाड्या

डाग्नी ब्रेकेला कुणी "तू गाडी छान चालवतेस हं" असं म्हटलेलं खपत नसे. बटाट्याच्या पोळ्या, आमचे लेफ्से, छान लाटतेस म्हणा, मोजे छान विणतेस म्हणा, ती मान डोलवून ऐकून घेई. गाडीचं मात्र नाव काढायचं नाही. "माशाला कुणी सांगतं का, छान पोहतोस म्हणून?" असं ती फणकाऱ्याने विचारायची. नवखा माणूस बिचारा ओशाळायचा. आमच्या लोमदाल खोऱ्यातले लोक नवखे नव्हते, ते मुद्दाम म्हणायचे.

तिच्या बापाने तिला गाडी शिकवली ती गोठलेल्या तळ्यावर. तिथे धडकायला काही नसतं, एवढाच त्यामागचा विचार. गाडी गरागरा फिरायला लागली की बाप शेजारी पाइप ओढत शांतपणे म्हणायचा, "पाय काढ ब्रेकवरून, आणि जायचंय तिकडे बघ." पुढे डाग्नीने निवृत्त होईपर्यंत डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. सुरुवातीला बाईमाणूस टँकरवर म्हणून गावोगावच्या खिडक्यांचे पडदे हलायचे. मग लोकांना सवय झाली, आणि नंतर तर डाग्नीचा टँकर वेळेवर दिसला नाही की लोक आपलंच घड्याळ पुढे गेलं असं समजायचे. इतक्या वर्षांत तिची गाडी एकदाही रस्त्याकडेच्या चरीत गेली नाही. आमच्याकडे ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे पाद्रीसुद्धा चरीत जातो, आणि दरवर्षी जातो.

पण तेव्हाचा हिवाळाही सरळमार्गी होता. नोव्हेंबर लागला की थंडी यायची आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकायची. अशा सणसणीत थंडीत बर्फ कोरडा राहतो, टायरखाली करकर वाजतो आणि गाडी रस्त्याला धरून असते. गोंधळ होतो तो पारा शून्याच्या आसपास असला की. आणि गेली काही वर्षं आमचा हिवाळा नेमका तिथेच घुटमळतो आहे. नाताळात धो धो पाऊस. पाऊस थांबला की तोच गोठतो आणि सकाळी रस्त्याची काच झालेली असते, वर पाण्याचा हात फिरवलेला. मग दोन दिवस असा बर्फ की घराचं दार उघडत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा पागोळ्या. गेल्या सतरा मेला, राष्ट्रीय सणाच्या मिरवणुकीत, बँडमधल्या पोरांच्या तुताऱ्यांत बर्फ भरला होता, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत डाग्नीच्या अंगणात हिरवं गवत होतं. फोनवर हवामान बघावं तर सकाळी ढग, दुपारी सूर्य, संध्याकाळी दोन्ही. "प्रश्नचिन्ह का दाखवत नाहीत सरळ?" डाग्नी म्हणायची. बर्फात पकड धरणारे खिळ्यांचे टायर कधी चढवायचे आणि कधी उतरवायचे यावर आमच्याकडे आता घराघरांत भांडणं होतात.

एवढं सगळं असूनही दर शनिवारी डाग्नी गाडी काढून ग्रोस्कारचा घाट ओलांडायची, कारण पलीकडे आस्टा होती.

आस्टा तिची थोरली बहीण. दोन हिवाळ्यांपूर्वी ती पायरीवर घसरली आणि खुबा मोडून बसली. आमच्या खोऱ्यातला वृद्धाश्रम सरकारने घाटापलीकडच्या स्टुर्विकच्या वृद्धाश्रमात विलीन करून टाकला होता. नकाशावर दोन्ही गावं चिकटलेली दिसतात. नकाशावर घाट सपाट असतो. आस्टाला मूलबाळ नाही, नवरा कधीचा गेलेला. शनिवारी डाग्नी लोणी-साखर लावलेले लेफ्से घेऊन जायची, दोघी पत्ते खेळायच्या, खोऱ्यातल्या माणसांची यथेच्छ निंदा करायच्या, आणि तेवढ्यावर आस्टा पुढचा आठवडा काढायची. हिवाळ्यात शनिवारी घाटातून बस नसते. गाडी आहे तोवर शनिवार आहे, हा डाग्नीचा साधा हिशेब होता.

या हिशेबाला सुरुंग लावायला बसली होती तिची मुलगी रांदी. रांदी बर्गनला राहते आणि घाट बंद झाल्याची बातमी आईच्या आधी तिला कळते.

"आई, तू अठ्ठ्याहत्तरची आहेस."

"मला माहीत आहे. मी होते तिथे."

"विनोद नको करूस. एकदा, फक्त एकदा काही वेडंवाकडं झालं ना, तर किल्ली माझ्याकडे द्यायची. कबूल कर."

"कबूल," डाग्नी म्हणाली. पन्नास-पंचावन्न वर्षांत काही झालं नव्हतं, मग कबूल करायला तिचं काय जात होतं? पण फोन ठेवल्यावर तिने उगाचच कॉफीचं भांडं दोनदा धुतलं. गाडीचं तिला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते खिडकीत वाट बघणाऱ्या आस्टाचं.

आता शेजारच्या हाल्वोरबद्दल सांगायला हवं. घाटातून उतरून खोऱ्यात आलं की आधी हाल्वोरचं फाटक लागतं, मग डाग्नीचं. दोन्ही घरं लाल, दोन्ही कोठारं लाल, दोन्ही अंगणं रस्त्याच्या डाव्या हाताला. हाल्वोर आपल्या अंगणातला बर्फ ट्रॅक्टरने लोटून दोघांच्या हद्दीवर आणून टाकायचा, आणि तिथे माणसाहून उंच ढीग व्हायचा. वीस वर्षं डाग्नी या ढिगावरून त्याच्याशी भांडत होती.

"तुझा बर्फ माझ्या जमिनीवर येतो."

"बर्फावर नाव लिहिलंय का माझं?"

"लिही. म्हणजे वसंतात पाणी झालं की कुणाच्या तळघरात शिरायचं ते त्याला कळेल."

उन्हाळ्यात दोघांचं बरं असायचं. पहिला बर्फ पडला की बोलणं बंद. अलीकडे पहिला बर्फ कधी पडेल याचा नेम नसल्यामुळे अबोल्याचंही वेळापत्रक कोलमडलं होतं. यंदा नाताळातल्या पावसात तो ढीग एका दिवसात वितळला आणि खरोखरच डाग्नीच्या तळघरात शिरला. बटाटे तरंगायला लागले. डाग्नी कुंपणापाशी जाऊन अशी काही बोलली की हाल्वोर, जो एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, टोपी काढून उभा राहिला.

आणि मग आला फेब्रुवारीतला तो शनिवार. सकाळी रिमझिम पाऊस होता, घाटात रस्ता नुसता ओला. डाग्नी आरामात पलीकडे गेली. दुपारी पत्ते ऐन रंगात आले असताना वारा फिरला, पारा घसरला आणि पावसाचा बर्फ झाला. ती परत घाटाच्या फाटकाशी पोचली तेव्हा फाटक खाली होतं. आता जायचं ते ताफ्याने: पुढे बर्फ सारणारा नांगर, त्याच्या मागे एकामागे एक गाड्या. नियम सोपे. पुढच्याचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, थांबायचं नाही, वळायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही. स्वतःची अक्कल चालवायची नाही, असाही एक नियम आहे, फक्त तो पाटीवर लिहिलेला नाही.

फाटकावर ताफे सोडायला ओद्वार होता, पिवळ्या जाकिटात, भुवयांवर बर्फ घेऊन. डाग्नीला तो लहानपणापासून ओळखत होता.

"वर काय आहे?" डाग्नीने काच खाली करून विचारलं.

"वर काही दिसत नाही. मग काय आहे ते मी कसं सांगू?"

"फोन तर ऊन म्हणत होता."

"मग फोनलाच बसव नांगरावर. पुढे ये तू, पहिली राहा. या मागच्यांना बघितलंस का? डेन्मार्कची मंडळी आहेत, स्कीइंगला निघालीत. टायर बघून मला रडू आलं."

डेन्मार्कमधली सगळ्यात उंच जागा म्हणजे पुलाचा मधला भाग, असं आमच्याकडे म्हणतात. डाग्नीने मागे वळून बघून घेतलं. डॅनिश कुटुंब, गाडीच्या टपावर पेटारा, मागच्या सीटवर दोन मुली नाक काचेला लावून. त्यांच्या मागे घरोघर मासे विकणाऱ्या स्टाइनारची व्हॅन. मग एक इलेक्ट्रिक गाडी, तिच्यातला तरुण बॅटरी वाचवायला हीटर बंद करून कानटोपीत बसलेला. मग कुठल्याशा गावच्या गायक मंडळाची मिनीबस, आणि आणखी तीन गाड्या. डाग्नी पहिल्या नंबरवर होती आणि तिला ते आवडत होतं. उगाच कशाला खोटं बोला? पहिल्या नंबरवर तिला नेहमीच आवडायचं.

घाट पार झाला. नांगराचा पिवळा दिवा समोर गरगरत होता, बाकी सगळं पांढरं. रस्त्याच्या कडेला रोवलेल्या काठ्या एकेक करून यायच्या आणि जायच्या. खालच्या फाटकाशी नांगर वळून परत वर गेला. एरवी इथे ताफा मोडतो, पुढचे भुर्रकन निघून जातात आणि जो तो आपल्या वाटेला लागतो. पण त्या दिवशी खोऱ्यातही तेच पांढरं होतं. नांगर गेल्यावर डाग्नी सगळ्यात पुढे उरली आणि तिच्या मागे सात जोड्या दिवे, कुणीही ओव्हरटेक करायला तयार नाही. डाग्नीने आरशात बघितलं. चला, या माझ्या मागे, ती मनात म्हणाली, आणि तिला अगदी टँकरचे दिवस परत आल्यासारखं वाटलं.

तिचं स्वतःचं फाटक ओळखायची तिची एक खूण होती, जी तिने कधी कुणाला सांगितली नव्हती आणि हाल्वोरला तर मेली तरी सांगितली नसती. हाल्वोरचा ढीग. ढीग संपला की लगेच डावीकडे. ज्या ढिगाच्या नावाने तिने वीस वर्षं बोटं मोडली, त्याच ढिगाच्या भरवशावर ती वादळात घरी यायची.

डाव्या हाताला काचेजवळून ढीग सरकला. ढीग संपला. डाग्नीने दिवा लावला, वळली, अंगणात आली आणि समाधानाने हँडब्रेक ओढला.

मागून डेन्मार्क आलं. मग मासे आले. मग इलेक्ट्रिक गाडी, मग गायक मंडळ, मग उरलेले तिघे. पुढच्याचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, हे सगळ्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की मेंढ्या वाड्यात शिराव्यात तशा साती गाड्या त्या अंगणात शिरल्या आणि एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. शेवटच्या गाडीने तर फाटकच बुजवून टाकलं.

डाग्नी गाडीतून उतरली. घराच्या पायरीवर दिवा लागला आणि विजारीचे पट्टे खाली सोडलेला, हातात पिठाचा डाव घेतलेला हाल्वोर बाहेर आला.

"तू माझ्या घरात काय करतोयस?" डाग्नी कडाडली.

हाल्वोरने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या गाड्यांकडे बघितलं. "डाग्नी," तो म्हणाला, "हे माझं घर आहे."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. ढीग संपला, मी वळले."

"ढीग मी आज दुपारी वरच्या बाजूला घातला. पहिल्यांदाच. तुझे बटाटे भिजले म्हणून."

डाग्नीने वर बघितलं. कोठाराच्या दारावर घोड्याची नाल होती. तिच्या कोठारावर नाल नव्हती.

तेवढ्यात डॅनिश गृहस्थ बर्फातून धडपडत आले. "नमस्कार! हॉटेल हेच का?"

"आज हेच," हाल्वोर म्हणाला.

गाड्या निघणं शक्यच नव्हतं. वादळ जरा ओसरून शेवटची गाडी मागे घेता येईपर्यंत सगळे आत आले. हाल्वोर बायको गेल्यापासून एकटाच राहायचा आणि शनिवारी स्वतःपुरते वॉफल करायचा; आता वॉफलच्या साच्याला उसंत मिळेना. गायक मंडळाने अंडी फोडली. स्टाइनारने व्हॅनमधून माशाच्या वड्या आणल्या आणि कुणी विचारायच्या आत तळायलाही घेतल्या. इलेक्ट्रिक गाडीवाला तरुण चुलीला पाठ लावून बसला तो हलेचना. वॉफलवर तपकिरी चीज ठेवलेलं बघून डॅनिश बाईने नवऱ्याकडे काळजीने पाहिलं, पण तिच्या मुलींनी चार चार हाणले.

"मी चाळीस वर्षं या रस्त्यावर आहे," स्टाइनार हसून हसून डोळे पुसत होता, "पण मी तुझे दिवे बघत होतो, डाग्नी, घर कुठे बघत होतो? तू चर्चमध्ये शिरली असतीस तर मीही शिरलो असतो. तेवढंच पुण्य!"

सगळे खदाखदा हसले. डाग्नीही हसली. हसता हसता तिने कप खाली ठेवला, कारण कॉफी बशीत सांडत होती.

हाल्वोर तिच्या शेजारी येऊन बसला आणि पीठ ढवळण्याच्या निमित्ताने हळूच म्हणाला, "कुणाला काही सांगायची गरज नाही. मी म्हणतो, मीच बोलावलं होतं वॉफल खायला."

"तू? मला? हिवाळ्यात? कोण विश्वास ठेवेल?"

"तेही खरंच."

डाग्नी समोर बघत होती. डॅनिश मुलींच्या गालांना जॅम लागला होता. तिच्या फाटकापुढे दोन फाटकं गेली की रस्ता नदीच्या अंगाने वळतो. तिथे कठडा आहे, पण तो चालत्या माणसांसाठी बांधलेला, गाडी अडवणारा नव्हे. हाल्वोरने ढीग अंगणाच्या वर न घालता दोन्ही फाटकांच्या खाली, नदीकडे कुठेतरी घातला असता तर? ती ढीग शोधत पुढे पुढे गेली असती. आणि तिच्या मागे हे सगळे. या मुली, गायक मंडळातली ती गुबगुबीत बाई, हा कानटोपीतला मुलगा. तिला एकदम इतकी भीती वाटली की तिने टेबलाची कड धरली. घाटात तिला कधी भीती वाटली नव्हती. आता, गरम स्वयंपाकघरात, वॉफलच्या वासात वाटली.

स्टाइनार सोमवारी घरोघर मासे घेऊन फिरणार होता. माशांआधी ही गोष्ट पोचणार होती. पण खरं सांगायचं तर डाग्नी उठली ती त्या धाकाने नाही. ती हाल्वोरच्या बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने रांदीला फोन लावला.

"आई! पोचलीस? मी केव्हापासून..."

"रांदी, मी चुकले," डाग्नी म्हणाली. "मला माझं फाटक ओळखता आलं नाही. मी हाल्वोरच्या अंगणात शिरले आणि मागून सात गाड्या घेऊन आले. कुणाला काही झालं नाही. सगळे वॉफल खातायत."

पलीकडे रांदीला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली आणि डाग्नी फोन कानाला धरून भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिली.

"मी तयारी करून ठेवली होती भांडायची," रांदी नाक ओढत म्हणाली. "तू आता कबूल केल्यावर मी काय बोलू?"

"किल्लीचं बोल."

"हिवाळ्यात नको चालवूस, आई. एवढंच."

"हिवाळा म्हणजे कधी ते सांग. मला तारीख हवी."

"नोव्हेंबर ते एप्रिल."

"आणि सतरा मेला तुताऱ्यांत बर्फ होता तो?"

"बरं, मे संपेपर्यंत."

"गेल्या सप्टेंबरात घाट बंद होता."

"मग जून ते ऑगस्ट चालव!" रांदी वैतागून म्हणाली. तीन महिने. टँकर चालवणाऱ्या बाईला वर्षातले तीन महिने. पण तारखा तर हवामानानेच दिल्या होत्या, रांदीचा त्यात काय दोष? डाग्नी "कबूल" म्हणाली. या वेळी तिला त्या शब्दाचं वजन कळलं.

पुढचा शनिवार उजाडला तो असा की डाग्नीला कुणीतरी मुद्दाम छळत असावं. निळंभोर आकाश, कडक थंडी, बर्फ कोरडा खणखणीत, रस्ता पाटासारखा. जुन्या काळचा अस्सल हिवाळा, एका दिवसापुरता माहेरपणाला आलेला. गाडीची किल्ली पाकिटात बंद होऊन बर्गनच्या पत्त्यावर बसने रवाना झाली होती. डाग्नीने सवयीने लेफ्से केले होते. ते डब्यात भरून ती टेबलाशी बसली होती, आणि आस्टाला फोन करून काय सांगावं ते तिला सुचत नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला. हाल्वोरची गाडी फाटकात उभी होती.

"मला स्टुर्विकला जायचंय," तो काच खाली करून म्हणाला. "खिळे आणायला."

"खिळे आपल्या दुकानात मिळतात."

"तसले नकोत मला. येतेस का नाही?"

हाल्वोर घाटात हिवाळ्यात वर्षानुवर्षं गेला नव्हता, आणि का गेला नव्हता ते पहिल्याच वळणाला कळलं. तो ताशी तीसने चालवत होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की जणू ते पळून जाईल. डाग्नी शेजारी बसून पायाखाली नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होती.

"अरे, मागे रांग लागलीये!"

"लागू दे. तुझ्या मागे लागली तर कौतुक, माझ्या मागे लागली तर पाप?"

"गिअर बदल. बदल म्हणते ना! तुझ्या या गाडीला वर दुसराही गिअर आहे, माहीत आहे का?"

"डाग्नी, तू गाडी फार छान चालवतेस," हाल्वोर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. डाग्नीने तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि घाटाच्या माथ्यापर्यंत ती कडेच्या काठ्या बघत राहिली.

आस्टा तिच्या खोलीत खिडकीशी बसली होती, नेहमीप्रमाणे चांगले कपडे करून. डाग्नी आत आल्या आल्या ती म्हणाली, "तू चालवायच्या बाजूने उतरली नाहीस. शेजारच्या दाराने उतरलीस. बघितलं मी."

डाग्नीने लेफ्सेचा डबा ठेवला आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. ढीग, नाल, सात गाड्या, किल्ली. वॉफलही सांगितले, पण त्यात मजा आणता आली नाही. "आता मी चालवणार नाही," ती शेवटी म्हणाली. "आज हाल्वोरने आणलं. दर वेळी तो कशाला आणेल? किती खिळे लागतात माणसाला? मी येईन, आस्टा, पण दर शनिवारी येईन असं नाही सांगता येत." आणि ती मान खाली घालून बसली, थोरल्या बहिणीने रडावं किंवा रागवावं याची वाट बघत.

"सुटले बाई," आस्टा म्हणाली.

डाग्नीने वर बघितलं.

"तुला काय वाटलं, मी लेफ्सेची वाट बघत बसते इथे? शनिवारी सकाळपासून मला तुझी गाडी घाटात दिसत असते. इथल्या कामाच्या पोरी जेवण आणतात, मी परत पाठवते. तू येतेस तेव्हा जरा बरं वाटतं. आणि मग तू परत निघतेस. तू घरी पोचून फोन करेपर्यंत मी पायांतले बूट काढत नाही. बूट घालून काय करणार होते, माझं मलाच ठाऊक नाही. या कमरेने मी जिन्यापर्यंतसुद्धा जात नाही. पण काढवत नाहीत."

डाग्नीने तिच्या पायांकडे पाहिलं. आस्टाच्या पायांत बूट होते, बाहेरचे, जाड, लोकरीचं अस्तर असलेले. दर शनिवारी असायचे. डाग्नीला वाटायचं, पाहुणी येणार म्हणून हौस.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तू यायची थांबली असतीस."

खाली हाल्वोरने एकदा हॉर्न वाजवला आणि लगेच घाबरून थांबवला. डाग्नी खुर्चीवरून उठली. तिचे स्वतःचे गुडघेही आता काही फार कामाचे राहिले नव्हते, पण खुर्चीला धरून ती हळूहळू खाली बसली आणि बहिणीच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गाठी दुहेरी मारलेल्या होत्या, सुटायला वेळ लागत होता. आस्टाने पाय थोडा पुढे केला.